शासकीय गौरवाची कागदी चौकट आणि सातपुड्यातील स्मृती : एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणते राष्ट्र आपल्या इतिहासातील कोणत्या व्यक्तींचा अधिकृतपणे गौरव करते, यावरून त्या राष्ट्राची स्वतःविषयीची कल्पना स्पष्ट होते. पदके व पुरस्कार, टपाल तिकिटे, पुतळे, हुतात्मा स्मारके, रस्त्यांना व विद्यापीठांना दिलेली नावे आणि जयंत्यांची दिनदर्शिका ही या गौरवाची प्रमुख साधने होत. या विषयावरील मराठीतील चर्चा बहुधा ‘अमुक थोर व्यक्तीला भारतरत्न का नाही?’ या प्रश्नापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. गौरवास पात्र कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तथापि त्याच्या आधीचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पात्रता सिद्ध करण्याची जी रीत शासनाने स्वीकारली आहे, ती सर्व समाजघटकांना सारखीच उपलब्ध आहे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नंदुरबार जिल्हा हे महत्त्वाचे क्षेत्र आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात नंदुरबार, तळोदा आणि शहादा या परस्परांलगतच्या तालुक्यांत १९४२ ते १९७२ या तीस वर्षांत तीन महत्त्वाच्या घटना घडल्या. त्या तिन्हींच्या वाट्याला आलेला शासकीय गौरव मात्र अगदी भिन्न आहे. हे अंतर त्या व्यक्तींच्या कर्तृत्वातून निर्माण झालेले नसून गौरवाच्या कागदी चौकटीतून निर्माण झाले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. गौरवाची साधने आणि त्यांचे नियम

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. रावसाहेब, रावबहादूर, सर या पदव्यांनी वसाहतकाळात निर्माण केलेली निष्ठेची उतरंड प्रजासत्ताकाला नको होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५४ मध्ये, भारतरत्न व पद्म पुरस्कार सुरू झाले. हे पुरस्कार म्हणजे मागील दाराने आलेले किताबच होत, असा आक्षेप पुढे न्यायालयात घेतला गेला. बालाजी राघवन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्णय दिला की, हे पुरस्कार किताब नाहीत. मात्र ते नावाच्या आधी वा नंतर लावता येणार नाहीत. गुणवत्तेचा गौरव आणि समतेचे तत्त्व यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता.

भारतरत्नाच्या मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची तरतूद नव्हती. ती १९५५ मध्ये करण्यात आली आणि पहिला मरणोत्तर सन्मान १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री यांना मिळाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये हा सन्मान मिळाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना तो महापरिनिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी, १९९० मध्ये देण्यात आला. स्वातंत्र्यापूर्वी निधन पावलेल्या व्यक्तींपैकी केवळ पंडित मदनमोहन मालवीय यांना (निधन १९४६) तो २०१५ मध्ये प्रदान झाला. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयी १९९२ मध्ये झालेली घोषणा ‘मरणोत्तर’ या एका शब्दावरील वादामुळे अमलात आली नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावा, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने मार्च २०२५ मध्ये केला. जोतीरावांचे निधन १८९० मध्ये, तर सावित्रीबाईंचे १८९७ मध्ये झाले. ही मागणी न्याय्य असली तरी तिने एक जुना संभ्रम पुन्हा समोर आणला आहे. भारतरत्न हा प्रजासत्ताकाने आपल्या नागरिकांचा केलेला सन्मान आहे, की संपूर्ण भारतीय इतिहासाला दिलेली मान्यता? सात दशकांत या प्रश्नाचे निश्चित उत्तर शासनाने दिलेले नाही.

सर्वोच्च सन्मानाच्या बाबतीत नियमांची ही संदिग्धता प्रतिष्ठित नावांना फारशी बाधक ठरत नाही, कारण त्यांच्यामागे ग्रंथ, चरित्रे, अनुयायी आणि ठराव करणारी सभागृहे उभी असतात. ज्यांच्यामागे यांपैकी काहीच नसते, त्यांच्याबाबतीत मात्र नियमच निर्णायक ठरतात.

२. ताम्रपट व सन्मान निवृत्तिवेतन : पुराव्याची अट

सामान्य माणसापर्यंत पोहोचलेला सर्वांत व्यापक शासकीय गौरव म्हणजे स्वातंत्र्यसैनिकांचा ताम्रपट आणि निवृत्तिवेतन. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र शासनाने ही निवृत्तिवेतन योजना सुरू केली. आरंभी तिला वार्षिक पाच हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. १ ऑगस्ट १९८० पासून ही मर्यादा काढून योजनेला ‘सन्मान’ हे नाव जोडण्यात आले. मदतीचे सन्मानात झालेले हे रूपांतर निश्चितच स्वागतार्ह होते.

या योजनेची मुख्य अट किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची होती. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी ती तीन महिन्यांवर आणण्यात आली. पुरावा म्हणून तुरुंगाचे वा न्यायालयाचे अभिलेख अपेक्षित होते. ते नसल्यास त्याच तुरुंगातील सहबंद्यांची प्रमाणपत्रे चालत. शहरातील सत्याग्रही, शिक्षक, वकील वा विद्यार्थी यांना ही अट पूर्ण करणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. त्यांची नावे नीट लिहिली गेली होती, त्यांच्यावरील कलमे राजकीय होती आणि त्यांचे सहबंदी स्वतः लिहिते-वाचते होते. डोंगरातील माणसाची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्याचे नाव लिहिणारा कारकून त्याची बोली जाणत नव्हता. त्याच्या कृतीची नोंद दंगल, लूट वा दरोडा या शीर्षाखाली होत असे आणि गोळीने पडलेल्या माणसाची तुरुंगात नोंद होण्याचा तर प्रश्नच नव्हता. कालावधी निम्मा करून शासनाने आदिवासींना सवलत दिली, परंतु पुराव्याचे स्वरूप तेच ठेवले. अडचण कालावधीची नव्हती, तर नोंदीची होती.

खाज्या नाईकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सेंधवा घाटाच्या रखवालीवर कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले हे भिल्ल नाईक १८५७ च्या उठावात सरकारविरुद्ध उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. या संघर्षाची लिखित साधने प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांची आहेत. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटिअरसारख्या ग्रंथात भिल्लांच्या हालचाली बंदोबस्त करण्याजोगा उपद्रव म्हणूनच येतात. ज्या कागदाने एखाद्याला लुटारू ठरविले, त्याच कागदाकडे त्याच्या देशभक्तीचा दाखला मागितला जातो, ही या पद्धतीतील मूलभूत विसंगती होय.

३. तीन घटना, तीन निकाल

पहिली घटना नंदुरबार शहरातील. ‘चले जाव’ आंदोलनाच्या काळात ९ सप्टेंबर १९४२ रोजी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे आणि बालहुतात्मा म्हणून शिरीषकुमारांचे नाव महाराष्ट्रभर आदराने घेतले जाते. हा गौरव सर्वार्थाने योग्य आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ही घटना गौरवाच्या चौकटीत पूर्णपणे बसते. निश्चित तारीख, बाजारपेठेचे गाव, राष्ट्रीय आंदोलन, तिरंगी निशाण आणि पाचही जणांची नावे उपलब्ध आहेत. तिच्याविषयी कोणताही संशय शासनाला घ्यावा लागत नाही.

दुसरी घटना त्यानंतर सहा महिन्यांच्या आत तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे घडली. तळोदा तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात आदिवासींमध्ये दारूबंदी, स्वच्छता आणि स्वाभिमान यांचा प्रसार केला. परस्परांना ‘आप’ असे आदराने संबोधावे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. जमीनदार, सावकार आणि अंमलदार यांच्याकडून एकेरी हाक ऐकण्याची सवय झालेल्या समाजात या एका शब्दाचा अर्थ फार मोठा होता. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाल्यावर रामदास महाराजांनी हे कार्य पुढे नेले. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या या अनुयायांवर इंग्रज सरकारने गोळीबार केला आणि त्यात अनेक आदिवासी मृत्युमुखी पडले. तेथील खडकांवरील गोळ्यांच्या खुणा परिसरातील लोक दाखवितात आणि दरवर्षी या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन करतात.

रावलापाणीचे नाव नंदुरबार जिल्ह्याबाहेर फारसे पोहोचलेले नाही. याचे कारण केवळ दुर्गमता नव्हे. हे आंदोलन काँग्रेसच्या कार्यक्रमातून निघालेले नव्हते. त्याची भाषा भजन-आरतीची होती आणि त्याची मागणी राजकीय सत्तांतराची नसून माणूस म्हणून वागविले जाण्याची होती. मग याला स्वातंत्र्यलढा म्हणावे, धार्मिक पंथ म्हणावे की समाजसुधारणा, असा प्रश्न शासकीय वर्गीकरणाला पडतो. ज्या सरकारने गोळ्या झाडल्या त्याला मात्र असा प्रश्न पडला नव्हता. दारू सोडून, हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन ताठ मानेने वावरणारा समाज हा राज्यसत्तेला आव्हान आहे, हे त्याने ओळखले होते. घटनेचा राजकीय अर्थ वसाहतवादी सत्तेला समजला आणि स्वतंत्र देशाच्या गौरवपद्धतीला तो समजण्यास विलंब लागला, असे म्हणावे लागते.

तिसरी घटना शहादा तालुक्यातील असून ती सर्वांत अवघड आहे. स्वातंत्र्याला दोन दशके उलटल्यानंतरही या भागातील भिल्ल मोठ्या संख्येने स्वतःच्या जमिनी गमावून सालदारी व शेतमजुरी करीत होते. पाडळदा येथील अंबरसिंग महाराज (अंबरसिंग सुरतवंती) यांनी भजनाच्या माध्यमातून आणि सर्वोदयी विचारांच्या आधारे या समाजाचे संघटन केले. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्याच्या मागणीसाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि असंतोषाला तोंड फुटले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उदयास आली. दारूचे गुत्ते उद्ध्वस्त करण्यात भिल्ल स्त्रियांनी घेतलेला पुढाकार हे या चळवळीचे वैशिष्ट्य होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलेला अभ्यासलेख जगभरातील अभ्यासक वाचतात. अंबरसिंग महाराजांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्याच काळात महाराष्ट्र विधिमंडळाने अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा अधिनियम संमत केला. या अधिनियमामागे अनेक कारणे व राज्याच्या अनेक भागांतील आंदोलने होती. परंतु शहाद्याच्या चळवळीने जो प्रश्न ऐरणीवर आणला तोच या अधिनियमाचा विषय होता, हे नाकारता येत नाही.

१९७२ हे एकच वर्ष या विवेचनासाठी पुरेसे ठरावे. त्या वर्षी देशभर स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले जात होते आणि त्याच वर्षी शहाद्यात भिल्ल आपली गेलेली जमीन मागत होते. पहिल्यांसाठी ‘स्वातंत्र्यसैनिक’ ही संज्ञा उपलब्ध होती. दुसऱ्यांसाठी कोणतीही संज्ञा नव्हती आणि आजही नाही. परकीय सत्तेशी लढणाऱ्याचा गौरव करण्याची रीत आपल्याकडे आहे. स्वकीयांच्या राज्यात संविधानाचे आश्वासन अमलात यावे म्हणून लढणाऱ्याचा गौरव करण्याची रीत नाही. किंबहुना अशा लढ्याची पहिली शासकीय नोंद कायदा व सुव्यवस्थेच्या फायलीतच होते. येथेच खाज्या नाईक आणि अंबरसिंग महाराज यांची प्रकरणे, शतकाहून अधिक अंतर असूनही, परस्परांजवळ येतात.

४. जयंतीची यादी आणि महाविद्यालय

राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रकाद्वारे पुढील वर्षी साजऱ्या करावयाच्या थोर व्यक्तींच्या जयंत्या व राष्ट्रीय दिन यांची यादी प्रसिद्ध करतो. शासकीय व निमशासकीय कार्यालयांबरोबर शैक्षणिक संस्थांमध्येही या यादीनुसार कार्यक्रम होतात. तिच्यात १२ जानेवारीस राजमाता जिजाऊ, ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर, २६ जूनला राजर्षी शाहू महाराज आहेत. तसेच ७ सप्टेंबरला आद्य क्रांतिवीर उमाजी नाईक आणि १५ नोव्हेंबरला भगवान बिरसा मुंडा आहेत. एकेकाळी इंग्रजी दप्तरात गुन्हेगार ठरलेले उमाजी आणि बिरसा या यादीत आले, ही प्रजासत्ताकाच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे.

परंतु यादीची अंमलबजावणी कशी होते, हेही तपासले पाहिजे. प्रतिमापूजन, दोन भाषणे, आभारप्रदर्शन, छायाचित्र आणि अहवाल या क्रमाने कार्यक्रम पार पडतो. नॅक मूल्यांकनाच्या सातव्या निकषात स्मृतिदिन साजरे करण्याचा समावेश असल्याने छायाचित्राला अधिकच महत्त्व आले आहे. अशा वेळी जयंती हा ज्ञानव्यवहार न राहता दप्तरव्यवहार होतो. १५ नोव्हेंबरला शहादा परिसरातील विद्यार्थी छोटा नागपुरातील उलगुलानविषयी ऐकतो, हे योग्यच आहे. पण त्याच दिवशी पाडळदा, मोरवड आणि रावलापाणी यांचा उल्लेख झाला नाही, तर इतिहास घडविणारे आदिवासी नेहमी दुसऱ्या प्रांतातच जन्मतात, असा त्याचा समज होण्याचा संभव असतो. सन्मानातून अभिप्रेत असलेल्या आत्मप्रत्ययाच्या अगदी विरुद्ध असा हा परिणाम होय.

बिरसा मुंडा यांचा गौरव कसा घडून आला, हेदेखील उद्बोधक आहे. १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यानंतर सहा दशकांनी, १९६६ मध्ये, कुमार सुरेश सिंह यांचा बिरसा आंदोलनावरील संशोधनग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तराबरोबरच मुंडांच्या गाण्यांचा व स्मृतींचा त्यांनी साक्षेपाने उपयोग केला. महाश्वेतादेवी यांच्या ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीने हे चरित्र साहित्यात आणले आणि तिला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. टपाल तिकीट १९८८ मध्ये, बिरसांच्या जन्मदिनी झारखंड राज्याची स्थापना २००० मध्ये आणि जनजातीय गौरव दिवस २०२१ मध्ये, हे सर्व त्यानंतरचे आहे. आधी स्मृती जपणारा समाज, मग संशोधन व साहित्य आणि शेवटी शासन, असा हा क्रम आहे. शासन पुष्कळदा शेवटी येते. म्हणूनच मधल्या दुव्याची जबाबदारी वाढते.

हाच क्रम आपल्या विद्यापीठाच्या नावातही आढळतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या-गाणी सोपानदेव चौधरी प्रभृतींनी वेळीच लिहून घेतली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. कुणी ते शब्द कागदावर उतरवून घेतले नसते, तर घरोट्याशी आणि शेताच्या बांधावर निर्माण झालेली ही प्रतिभा त्यांच्याबरोबरच लुप्त झाली असती आणि विद्यापीठाचे नाव आज वेगळे असते. निरक्षर व्यक्तीच्या नावाने विद्यापीठ ही घटना मौखिक ज्ञानाला मिळालेली सर्वोच्च मान्यता होय. या मान्यतेचे उत्तरदायित्व त्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या प्रत्येक महाविद्यालयावर येते.

५. संभाव्य आक्षेपांचा विचार

मौखिक स्मृतीच्या आधारे गौरव केल्यास खोट्या दाव्यांना वाव मिळेल, हा पहिला आक्षेप आहे. तो निराधार नाही. मात्र बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणाने, ज्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला, हेही दाखवून दिले की कागदाची अट खोटेपणा रोखू शकत नाही. कागद मिळविण्याची वा तयार करण्याची क्षमता ज्याच्यापाशी आहे, त्यालाच अशी अट अनुकूल ठरते. सर्वोच्च न्यायालयाने गुरदयाल सिंग प्रकरणात २००१ मध्ये स्पष्ट केले की, स्वातंत्र्यसैनिकाचा दावा फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुराव्याच्या कसोटीवर न तपासता संभाव्यतेच्या कसोटीवर तपासावा. हे तत्त्व व्यक्तीच्या निवृत्तिवेतनापुरते मर्यादित न ठेवता सामूहिक स्मृतीलाही लागू करता येईल.

दुसरा आक्षेप असा की, विरोधी पक्षाच्या दप्तरातून नायक शोधणे अनैतिहासिक आहे. याबाबत फ्रान्सचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पॅरिसमधील पॅन्थिऑन हे त्या देशाचे सर्वोच्च स्मृतिस्थान. तेथे २१ फेब्रुवारी २०२४ रोजी मिसाक मानुशियान यांचे अवशेष समारंभपूर्वक नेण्यात आले. हे आर्मेनियन निर्वासित नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होते आणि त्याच तारखेला १९४४ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्यांच्या गटाची छायाचित्रे छापून ‘गुन्ह्यांची फौज’ असा शिक्का मारणारे तांबडे भित्तिपत्रक नाझींनी गावोगावी लावले होते. आज तेच भित्तिपत्रक त्यांच्या शौर्याचा दस्तऐवज मानले जाते. शत्रूने लिहिलेला कागद उलट बाजूने वाचता येतो. मात्र त्यासाठी वाचणाऱ्याची दृष्टी बदलावी लागते. या परिवर्तनाला फ्रान्ससही ऐंशी वर्षे लागली.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंबरसिंग महाराजांसारख्यांचा शासनाने गौरव केल्यास त्यांच्या लढ्याची धार बोथट होईल. पुतळा उभा राहील आणि जमिनीचा प्रश्न मागे पडेल. अनेक महापुरुषांच्या बाबतीत असे घडलेले आहे, त्यामुळे ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. तथापि अनुल्लेख हा त्यावरील उपाय नव्हे. गौरवाबरोबर त्या व्यक्तीचा अपुरा राहिलेला प्रश्नही नोंदविला जावा, असा आग्रह धरणे हाच उपाय होय.

निष्कर्ष

१. भारतातील शासकीय गौरवाची साधने तत्त्वतः सर्वांसाठी खुली असली, तरी पुराव्याची लिखित चौकट मौखिक परंपरेतील समाजांना प्रतिकूल ठरते.

२. ‘स्वातंत्र्यसैनिक’ ही कोटी नंदुरबारच्या हुतात्म्यांना सामावून घेते, रावलापाणीपाशी अडखळते आणि शहाद्याच्या भूमुक्ती चळवळीला ओळखतच नाही. संविधानाच्या अंमलबजावणीसाठी लढलेल्या व्यक्तींकरिता स्वतंत्र कोटी असणे आवश्यक आहे.

३. राज्यस्तरीय जयंतीच्या यादीला जिल्हास्तरीय स्मृतिदिनांची जोड द्यावी. २ मार्च हा दिवस नंदुरबार जिल्ह्यातील शैक्षणिक संस्थांनी अभ्यासपूर्वक पाळण्यास कोणत्याही परिपत्रकाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

४. इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी भिली, पावरी, मावची व अहिराणी या बोलींतील गाणी, आठवणी आणि निवेदने ध्वनिमुद्रित करून त्यांचे लिप्यंतर व जतन करावे. १९७२ च्या मेळाव्यात विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. रावलापाणीचे प्रत्यक्षदर्शी तर त्यांच्याही आधीच्या पिढीतील. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

५. शासन ज्यांना विसरले त्यांची तक्रार शासनाकडे करणे सोपे आहे. परंतु शासनाला आठवण देता येईल असे साधन तयार करणे हे अभ्यासकाचे काम होय. ते काम बहिणाबाईंच्या बाबतीत घरातल्या माणसांनी केले आणि बिरसांच्या बाबतीत एका संशोधकाने केले. अंबरसिंग महाराज आणि रावलापाणीच्या हुतात्म्यांच्या बाबतीत ते या परिसरातील महाविद्यालयांनी करणे क्रमप्राप्त आहे.